मोसमी वारे आणि प्राचीन जुन्नरचा सागरी व्यापार

प्रस्तावना

जुन्नरच्या प्राचीन इतिहासाचे लेखन प्रामुख्याने नाणेघाटातील शिलालेख, लेण्यांतील दानलेख आणि सातवाहन-क्षत्रप संघर्ष यांच्या आधारे झाले आहे. सह्याद्रीच्या माथ्यामागे वसलेल्या या नगराचा व्यापार अरबी समुद्रावरील वाऱ्यांच्या दिशेशी व जोराशी बांधलेला होता, ही बाब मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिली. प्रस्तुत लेखात या संबंधाचा विचार केला आहे.

वाऱ्यांची दिशा व जोर

अरबी समुद्रावर जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे, तर साधारणतः नोव्हेंबर ते मार्च ईशान्य मोसमी वारे वाहतात. ‘मोसमी’ हा शब्दच ऋतू या अर्थाच्या अरबी ‘मौसिम’ शब्दावरून आला आहे. या दोन वाऱ्यांचा जोर सारखा नसतो. जुलैमध्ये पश्चिम अरबी समुद्रात वाऱ्याचा वेग अनेकदा ताशी ५० किलोमीटरहून अधिक असतो. ईशान्य वारे त्या मानाने सौम्य असून त्यांचा वेग सामान्यतः ताशी २० ते ३० किलोमीटर असतो. म्हणून नाविकाला वाऱ्याची दिशा कळणे पुरेसे नव्हते, निघण्याची वेळही साधावी लागे. ऐन पावसाळ्यात कोकण किनाऱ्याला लागणे धोक्याचे होते, तर फार उशीर केल्यास वाराच पडत असे.

इ. स. पहिल्या शतकाच्या मध्यास लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात भडोचकडे येणाऱ्या जहाजांनी इजिप्तहून जुलैच्या सुमारास निघावे, असे सांगितले आहे. त्यामुळे वाऱ्याचा जोर ओसरत असताना ती भारतीय किनाऱ्यावर पोहोचत. परतीचा प्रवास डिसेंबर-जानेवारीत सुरू करावा, असे प्लिनी नोंदवतो. हा खुल्या समुद्रातील मार्ग शोधण्याचे श्रेय ‘पेरिप्लस’ने हिप्पालस या नाविकाला दिले आहे. तथापि, अरब व भारतीय दर्यावर्दींना हे वारे आधीपासून परिचित असले पाहिजेत. नवा होता तो ग्रीक नाविकांचा परिचय, वारे नव्हेत. किनाऱ्यावरील मतलई व खारे वारे ओळखणाऱ्या समाजाला ऋतूंचे वारे अज्ञात होते, असे मानणे युक्त नाही.

नाणेघाट व बाजारपेठेचे वेळापत्रक

कल्याण बंदरातील माल मुरबाडमार्गे नाणेघाट चढून जुन्नरला व तेथून पुढे पैठणकडे जात असे. शेजारच्या आंबेगाव तालुक्यातील आहुपे घाटही मुरबाडच्याच बाजूस उतरतो. जे नैर्ऋत्य वारे समुद्र खवळवीत, तेच सह्याद्रीवर अडून घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस पाडीत. त्यामुळे बंदर आणि घाट दोन्हींची वाहतूक एकाच काळात मंदावत असणार. भाद्रपद-आश्विनात जहाजे येत, त्याच सुमारास घाटवाटा मोकळ्या होत. परतीच्या जहाजांसाठी देशावरील माल पुढील तीन-चार महिन्यांत खाली उतरवणे भाग होते. यावरून जुन्नर हे केवळ वाटेवरचे ठाणे नसून मालाचा साठा व देवघेव यांचे केंद्र असावे, असे अनुमान करता येते.

दानलेख या संबंधास पुष्टी देतात. लेण्याद्रीच्या चैत्यगृहाचा दाता सुलसदत्त हा कल्याणचा होता. जुन्नरच्या लेण्यांत इरिल, चिट व चंद या तीन यवनांची दाने नोंदलेली आहेत. इरिलाने दोन पोढी, चिटाने भोजनमंडप, तर चंदाने गर्भद्वार दिले. हे यवन नेमके कोण होते, याविषयी मतभेद आहेत. मात्र वारा फिरेपर्यंत थांबणे परदेशी व्यापाऱ्याला अनिवार्य होते, आणि अशा मुक्कामांतून काहींचा येथील समाजाशी स्थायी संबंध जुळला असणे शक्य आहे.

वाऱ्याची मर्यादा

केवळ अनुकूल वाऱ्याने व्यापार चालत नसे. ‘पेरिप्लस’नुसार कल्याणच्या व्यापारावर पुढे निर्बंध आले आणि तेथे चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. मानमोडी येथील नहपानाचा अमात्य अयम याचा ४६व्या वर्षाचा लेख जुन्नर परिसर क्षत्रपांच्या ताब्यात गेल्याचे दर्शवितो. वारे तेच राहिले, परंतु ज्यांच्या हाती बंदर व घाट, त्यांच्याकडे व्यापाराचा लाभ गेला.

समारोप

सारांश, जुन्नरच्या वैभवामागे सातवाहनांची सत्ता व नाणेघाट यांइतकेच मोसमी वाऱ्यांचे ज्ञानही उभे होते. वाऱ्याने व्यापाराचा काळ ठरविला, घाटाने मार्ग आणि राजसत्तेने लाभार्थी. या तिन्हींचा एकत्रित विचार केल्याशिवाय जुन्नरचा आर्थिक इतिहास अपुराच राहील.