१९४६ : आईची कथा, मुलीची कादंबरी

१९४६ साली चीनमध्ये जपानविरुद्धचे युद्ध संपून वर्ष झाले होते आणि राष्ट्रवादी व कम्युनिस्ट यांच्यातील यादवी पेटली होती. या एकाच वर्षावर एकाच घरातील दोन लेखिकांनी लिहिले आहे. आई रू झिजुआन यांच्या ‘लिलीची फुले’ या कथेत एक लाजाळू तरुण सैनिक जखमींसाठी रजई मागायला खेड्यातील एका नव्या नवरीकडे जातो. तिच्या आंदणात ती एकच वस्तू आलेली, पांढऱ्या लिलीच्या फुलांची. त्याच रात्री स्ट्रेचर वाहणाऱ्या माणसांना वाचवताना तो हातबॉम्बवर झेप घेतो आणि मरतो. नवरी त्याच्या सदऱ्याला पडलेले भोक शिवून काढते आणि ती रजई त्याच्याबरोबर शवपेटीत ठेवते. मुलगी वांग आन्यी यांच्या ‘चिरंतन दुःखाचे गीत’ या कादंबरीत त्याच वर्षी शांघायला पूरग्रस्तांच्या मदतीसाठी सौंदर्यस्पर्धा भरते आणि वांग चियाओ नावाची गल्लीतली एक शाळकरी मुलगी तीत तिसरी येते.

आघाडीवरच्या त्या नवरीकडून शांघायच्या या सौंदर्यवतीपर्यंत एका पिढीत अंतर कसे पडले, आणि ते खरोखरच अंतर आहे का, हा या लेखाचा प्रश्न आहे. मला चिनी येत नाही. ही कादंबरी मी मायकेल बेरी आणि सुसान चान ईगन यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादातून वाचली. तेव्हा भाषेच्या बारकाव्यांविषयी बोलण्याचा अधिकार मला नाही. रचनेविषयी मात्र बोलता येईल.

आधी घराविषयी. रू झिजुआन (१९२५–१९९८) ऐन विशीच्या आत कम्युनिस्टांच्या ‘नव्या चौथ्या सेने’त दाखल झाल्या आणि तिच्या नाट्यपथकात काम करू लागल्या. त्यांचे पती वांग शियावफिंग सिंगापूरला जन्मलेले नाटककार. तेही याच सेनेतले. वांग आन्यी यांचा जन्म १९५४चा, नानजिंगचा. वर्षभरात कुटुंब शांघायला आले. पुढे ‘उजव्यां’विरुद्धच्या मोहिमेत वडिलांवर तो शिक्का बसला, पक्ष गेला, सैन्यातले स्थान गेले. घरावर ते सावट असतानाच आईने ‘लिलीची फुले’ लिहिली. सूर उदास आहे म्हणून ती आधी नाकारली गेली. मार्च १९५८मध्ये ‘यानहे’ मासिकात ती छापून आली, आणि तेव्हाचे सांस्कृतिक मंत्री, स्वतः थोर कादंबरीकार असलेले माओ दून यांनी तिची जाहीर प्रशंसा केली. त्या एका लेखाने रू झिजुआन लेखिका म्हणून तरल्या.

ही पार्श्वभूमी एवढ्यासाठी सांगायची की वांग आन्यी यांना जुन्या शांघायच्या वारसदार समजण्याची चूक वारंवार होते. चांग आय-लिंग यांच्याशी त्यांची तुलना तर ठरलेलीच. पण चांग या त्या शहराच्या जुन्या, मोडकळलेल्या घराण्यांतल्या. वांग विजयी सेनेबरोबर शहरात आलेल्या ‘कॉम्रेडां’च्या घरातल्या. शेजारच्या गल्ल्यांमधली शांघायी बोली, तिथले नात्यागोत्याचे व्यवहार या मुलीला बाहेरून न्याहाळावे लागले. १९९३च्या ‘नोंद आणि कल्पना’ या कादंबरीत त्यांनी हे उपरेपण हाच विषय केला आणि आईच्या ‘रू’ या आडनावाचा माग काढत कल्पनेने थेट प्राचीन भटक्या टोळ्यांपर्यंत वंशावळ नेऊन भिडवली. ज्याला शहरात मुळे नसतात, त्याला ती लिहूनच मिळवावी लागतात.

सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, १९७० साली, सोळा वर्षांच्या वांग आन्यी अनह्वेई प्रांतातील वूहे तालुक्यात शेतावर गेल्या. दोन वर्षांनी शुझोऊच्या कलापथकात चेलो वाजवण्याचे काम मिळाले. १९७८मध्ये त्या शांघायला परतल्या आणि मुलांच्या एका मासिकाच्या संपादनात रुजू झाल्या. त्यांच्या सुरुवातीच्या एका गाजलेल्या कथेत दहा वर्षांनी गावाकडून शांघायला परतलेला तरुण आहे. ज्या घरासाठी तो झुरला, तिथे त्याला झोपायलाही पुरेशी जागा नाही.

१९८३ साली मायलेकी दोघी अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमाला गेल्या. आपल्याकडून दिलीप चित्रे काही वर्षे आधी ज्या कार्यक्रमात होते, तोच हा. तेथे तैवानचे लेखक चेन यिंगचेन भेटले. परतल्यावर काही काळ वांग आन्यींना लिहिता येईना. मग १९८५ला ‘श्यावबाव गाव’ ही दीर्घकथा आली आणि तिने त्यांच्या लेखनाला नवे वळण दिले.

आता ‘चिरंतन दुःखाचे गीत’. हे नाव बाय जूयी या थांगकालीन कवीच्या, सम्राट आणि त्याची लाडकी यांग ग्वेफेई यांच्यावरील काव्यावरून घेतले आहे. कथाबीज मात्र वर्तमानपत्रातल्या बातमीचे : एके काळच्या सौंदर्यवतीचा म्हातारपणी झालेला खून. कादंबरी १९९५ला ‘चोंगशान’ मासिकातून आली. सुरुवातीची कित्येक पाने तीत पात्रच नाही. आहेत त्या गल्ल्या, ज्यांना शांघायी माणूस लोंगतांग म्हणतो. त्यांतून फिरणाऱ्या कुजबुजी, आणि वरून सगळे पाहणारी कबुतरे. वांग चियाओ त्यानंतर येते. स्पर्धेनंतर ती एका राष्ट्रवादी अधिकाऱ्याची रखेल होते. विमान अपघातात तो मरतो. मागे राहते सोन्याच्या विटांची एक पेटी. क्रांतीनंतर ती एका साध्या गल्लीत इंजेक्शने देऊन पोट भरते.

मला महत्त्वाचे वाटते ते यापुढचे. १९५७च्या हिवाळ्यात तिच्या खोलीत शेगडीभोवती चार माणसे जमतात. काहीबाही भाजतात, खातात, पडदे ओढून माहजाँग खेळतात. बाहेर मोठ्या गोष्टी घडत आहेत, पण या शेगडीशी त्यांचा संबंध नाही, असे कादंबरी स्पष्टच म्हणते. वर्ष पाहा. हीच ती मोहीम, जिने लेखिकेच्या वडिलांना उद्ध्वस्त केले. पुढे १९६६ येते. वांग चियाओवर आयुष्यभर मुका जीव लावणारा छायाचित्रकार चेंग त्या उन्हाळ्यात आत्महत्या करतो, आणि पान उलटताच १९७६ उजाडते. वांग चियाओची मुलगी वेईवेई पंधरा वर्षांची झालेली असते. मधली दहा वर्षे नाहीत.

याला पळवाट म्हणता येईल, आणि टीकाकारांपैकी काहींना ती तशी वाटलीही. पण ज्या घराने हे सारे सोसले, त्या घरातली लेखिका अज्ञानातून गप्प बसलेली नाही. सत्तेने लिहिलेल्या इतिहासात मोहिमाच मोहिमा होत्या आणि शेगडी नव्हती. वांग आन्यींनी प्रमाण उलटे केले. चेंगचा एक मृत्यू ठेवला, दशक गाळले. त्या गाळलेल्या जागेची थंडी मला अनेक बोलक्या आत्मकथनांपेक्षा अधिक जाणवली.

दुसरा आक्षेप स्मरणरंजनाचा. कादंबरी आली तेव्हा शांघायमध्ये जुन्या गल्ल्या पाडून मनोरे उभे राहत होते आणि चाळिसाच्या दशकातले शहर फॅशनमध्ये आले होते. वाचकांनी पुस्तक त्या हौसेने वाचले. पण शेवट काय आहे? १९८६ साली, जुन्या सोन्याच्या लोभाने, एक तरुण वांग चियाओचा गळा दाबतो. ज्या ठेव्याचे सर्वांना आकर्षण, तोच तिचा जीव घेतो. पुढे ‘फूपिंग’मध्ये तर वांग आन्यी झगमगाटाकडे पाठच फिरवतात. तिथे मोलकरणी आहेत, शहराचा कचरा होड्यांतून वाहणारे लोक आहेत, आणि ठरलेले लग्न नाकारणारी एक खेडवळ मुलगी.

२००० साली या कादंबरीला माओ दून पारितोषिक मिळाले. आईला ज्यांच्या शब्दाने तारले, त्यांच्याच नावाचे आणि त्यांनीच मागे ठेवलेल्या पैशांतून सुरू झालेले. ते पाहायला रू झिजुआन नव्हत्या.

मग अंतर किती? आईच्या कथेत युद्ध आहे, पण आपल्या लक्षात राहते ती रजई आणि सदऱ्याचे भोक शिवणारी सुई. मेलेल्या माणसाचा सदरा शिवून उपयोग नाही, हे त्या नवरीलाही कळते. तरी ती टाके घालत राहते. मुलीच्या २०११च्या ‘स्वर्गीय सुगंध’ या कादंबरीत मिंगकालीन शांघायचे एक श्रीमंत घराणे बसते, आणि त्या घरातल्या बायका भरतकाम करून ते जगवतात. राजवटी, सेना, मोहिमा यांच्या नोंदी ठेवायला माणसे नेमलेली असतात. टाक्यांची नोंद या दोघींनी ठेवली.