दिवस गिधाडाचा, रात्र कोल्ह्याची

मुंबईच्या खाडीकाठी, विक्रोळीकडे किंवा पलीकडे खारघरला, कोल्हा दिसला की जंगली जनावर शहरात शिरल्याची बातमी होते. इतिहास पाहिला तर ही ओरड उलटी वाटते. कोल्हा फार पूर्वीपासून वस्तीच्या कडेनेच जगत आला आहे आणि माणसाचा वावर कधी थांबतो, यावर त्याने आपला दिनक्रम बेतला आहे. याचा उत्तम पुरावा महाभारताच्या शांतिपर्वात, गिधाड आणि कोल्ह्याच्या संवादात सापडतो. मेलेल्या मुलाला घेऊन नातलग स्मशानात आले आहेत. गिधाड त्यांना म्हणते, अंधार पडायच्या आत घरी जा. कोल्हा म्हणतो, सूर्य अजून वर आहे, इतक्यात कसे निघालात? दोघांचाही डोळा त्या प्रेतावरच. गिधाड उजेडी खाणारे, म्हणून त्याला माणसे लवकर जायला हवीत. कोल्ह्याला ती तिन्हीसांजेपर्यंत थांबायला हवीत, म्हणजे गिधाडाची वेळ टळते. काव्यशास्त्रकार मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त हा संवाद ध्वनीचे, म्हणजे सूचित अर्थाचे, उदाहरण म्हणून घेतला. पण त्यातली खोच कळायची, तर कोणते जनावर केव्हा खाते हे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक हवे. ते ठाऊक होते, म्हणूनच कथा रचता आली.

यावर कोणी म्हणेल, कथेतला कोल्हा म्हणजे निव्वळ धूर्तपणाचे सोंग, त्यात प्राणिशास्त्र कसले शोधायचे? मग पंचतंत्रातला चंडरव नावाचा कोल्हा पाहावा. भुकेपोटी तो नगरात येतो, कुत्री मागे लागतात आणि तो निळीच्या पिंपात पडतो. पुढे जंगलाचा राजा झालेला हा निळा कोल्हा उघडा पडतो तो धूर्तपणा कमी पडला म्हणून नाही. दूरची कोल्हेकुई कानावर येताच त्याला साद दिल्याशिवाय राहवत नाही. हे निरीक्षण रात्री-अपरात्री तो आवाज ऐकणाऱ्यांचे आहे. ‘कोल्हा काकडीला राजी’ ही म्हणही स्मशानातून आलेली नाही, ती मळ्याच्या राखणीतून आली. उंदीर, बोरे, काकडी, मढे, जे मिळेल ते त्याला चालते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कोल्हा मुळातच निशाचर असेल, तर त्यात माणसाचा संबंध काय? पण जिथे माणसाचा त्रास नाही, तिथे तो भर दिवसाही हिंडतो; वस्तीजवळ मात्र त्याचा वावर रात्रीकडे सरकतो. म्हणजे ही रात्र बऱ्याच अंशी आपण त्याच्यावर लादलेली आहे.

दिवस गिधाडाचा, रात्र कोल्ह्याची या वाटणीतला एक भिडू अलीकडे जवळपास नाहीसा झाला. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिलेल्या जनावरांची मढी खाऊन गिधाडे मेली. 2006 मध्ये गुरांसाठी ते औषध बंद झाले तोवर फार उशीर झाला होता. गिधाडांची दिवसाची पाळी कोल्ह्याकडे यायला हवी होती, पण गावाबाहेरच्या मढ्यांवर आणि उकिरड्यांवर मोकाट कुत्र्यांनी बस्तान बसवले. त्यांना दिवस काय आणि रात्र काय. आता कोल्ह्याला त्यांचा नुसता पाठलागच चुकवायचा नाही, तर रेबीज आणि डिस्टेंपरही चुकवायचा आहे.