चतुर व टाचणी : शास्त्रीय संज्ञांचा ऐतिहासिक मागोवा

मराठीत ज्या कीटकांना चतुर व टाचणी अशी दोन नावे आहेत, ते सर्व युरोपीय प्राणिशास्त्रात प्रारंभी एकाच प्रजातीत गणले जात. कार्ल लिनियस यांनी १७५८ साली त्यांना 'लिबेल्युला' ही एकच प्रजाती दिली व तिचा समावेश 'न्यूरोप्टेरा' या गणात, म्हणजे शिरायुक्त पंखांच्या कीटकांत, केला. त्यांचे शिष्य योहान ख्रिस्तियन फॅब्रिसियस यांनी मात्र वर्गीकरणाचा आधार पंखांऐवजी मुखावयवांत शोधला. १७७५ साली त्यांनी 'एश्ना' व 'ॲग्रिऑन' या प्रजाती वेगळ्या केल्या आणि १७९३ साली 'ओडोनाटा' ही संज्ञा योजली. तिच्या मुळाशी असलेला दातवाचक ग्रीक शब्द संस्कृत 'दन्त' या शब्दाचा सगोत्र होय. रोख अर्थातच दातेरी जबड्यांकडे होता.

गणाचे हे नाव टिकले. परंतु गणांतर्गत विभागणी पुन्हा पंखांकडेच वळली. बेल्जियमचे सेलिस-लाँगशाँ हे राजकारणी व कीटकशास्त्रज्ञ. त्यांनी १८५४ साली दोन उपगण मानले. 'ॲनिसोप्टेरा' म्हणजे असमान पंखांचे : चतुराचा मागील पंख बुडाशी अधिक रुंद असतो. 'झायगोप्टेरा'तील 'झायगॉन' म्हणजे जू. मराठी 'जू' व संस्कृत 'युग' ही त्याचीच भावंडे. टाचणीचे पुढचे-मागचे पंख सारखे असून बसताना ती ते बहुधा पाठीवर मिटते. मराठी नावाने पंख वा जबडा यांपैकी काहीच पाहिले नाही, केवळ बारीक शरीर पाहिले. तरीही रेषा त्याच ठिकाणी पडली, हे लक्षणीय आहे.

ही रेषा अपुरी ठरविणारा जीव हिमालयात आढळला. अंग चतुराचे, पंख टाचणीसारखे, अशा प्राचीन रूपांसाठी हँडलिर्श यांनी १९०६ साली, मुख्यतः जीवाश्मांच्या आधारे, 'ॲनिसोझायगोप्टेरा' हा तिसरा उपगण कल्पिला होता. १९२१ साली टिलयार्ड यांनी दार्जिलिंग परिसरातील एका डिंभाचे वर्णन करून तो याच उपगणात ठेवला. 'एपिओफ्लेबिया लेडलॉवी' ही ती जाती. पंखांवरून नाव पडलेल्या उपगणात भारतीय जातीचा प्रवेश झाला तो पुरते पंख न फुटलेल्या डिंभावरून!

पुढे हा उपगण म्हणजे एकाच वंशाचा समूह नसून निरनिराळ्या जीवाश्मांची मोट असल्याचे दिसून आले. त्यामुळे काही अभ्यासक हे नाव केवळ एपिओफ्लेबियापुरते राखतात. इतर अभ्यासक तिला चतुरांसह 'एपिप्रॉक्टा' या १९९६ साली सुचविलेल्या गटात घालतात. हे नाव ना जबड्यावरून आले ना पंखांवरून. ते आले नराच्या उदराच्या टोकावरील, समागमात मादीला पकडणाऱ्या उपांगावरून.