युरोव्हिजनला भारतातून मत देता येतं का? देशादेशांतलं व्होटिंग समजून घ्या

रिॲलिटी शोचं व्होटिंग आपल्याला नवीन नाही. पण स्पर्धा देशादेशांत असेल, तर जास्त लोकसंख्येचा देशच जिंकेल ना? ते टाळायला काय करतात, मी थोडक्यात सांगतो.

आधी आपल्या मुंबईचं उदाहरण. डिसेंबर 2007 मध्ये जकार्त्याला 'एशियन आयडल' झालं. सहा देशांचे आयडल विजेते आमनेसामने होते. भारताकडून होता मुंबईचा अभिजीत सावंत. मत एसएमएसने द्यायचं, पण एका मेसेजमध्ये दोन वेगवेगळी नावं सक्तीची. म्हणजे घाटकोपरच्या कोणी अभिजीतला मत दिलं, तरी दुसरं नाव परदेशी गायकाचंच! जिंकला छोट्याशा सिंगापूरचा हादी मिर्झा.

1956 पासूनच्या युरोव्हिजनची पद्धत वेगळी आहे. फायनलमध्ये प्रत्येक देशाची ज्युरी आणि प्रेक्षक स्वतंत्र गुण देतात: आवडत्या गाण्याला 12, दुसऱ्याला 10, मग 8 ते 1. देश लहान असो वा मोठा, गुण तेवढेच. स्वतःच्या देशाला मत देता येत नाही.

भारत या स्पर्धेत नाही. तरी 2023 पासून बाकीच्या जगातले प्रेक्षक ऑनलाइन मत देऊ शकतात. त्या सगळ्यांचं मिळून वजन एका देशाएवढं धरतात.

मताला पैसे पडतात, म्हणून कार्ड नंबर टाकण्याआधी साइट अधिकृत आहे ना, ते तपासा. फायनल मध्य युरोपात शनिवारी रात्री 9 ला सुरू होते, तेव्हा अंधेरी-बोरिवलीत साडेबारा वाजून रविवार लागलेला असतो. अलार्म लावायला विसरू नका!