मातीतून येणाऱ्या वार्ता

परभणी जिल्ह्यातील देवगाव फाटा हे काही इतिहासप्रसिद्ध स्थळ नव्हे. जालन्याहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा तो एक तिठा. वाटसरू तेथे घटकाभर थांबतो, चहा घेतो आणि आपल्या मार्गास लागतो. परंतु प्राचीन महाराष्ट्राचा नकाशा पुढे पसरून या तिठ्यावर बोट ठेवावे, म्हणजे त्याची थोरवी ध्यानी येते. पश्चिमेस सातवाहनांचे पैठण, वायव्येस भोकरदन, ईशान्येस वाशीम, आग्नेयेस नांदेड आणि दक्षिणेस तेर. इतिहासाला नवे वळण देणाऱ्या वार्ता या मुलखातूनच आल्या आहेत.

पहिली वार्ता वाशीमची. वाकाटकांचे घराणे विद्वानांस परिचित होते. पण त्याची एक स्वतंत्र शाखा वत्सगुल्म, म्हणजे आजच्या वाशीम येथे नांदत होती, हे 1939 पर्यंत कोणास ठाऊक नव्हते. त्या वर्षी विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट उजेडात आला. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातील या राजाने आपल्या कारकिर्दीच्या सदतिसाव्या वर्षी नांदिकड, म्हणजे नांदेडच्या प्रदेशातील एक गाव ब्राह्मणांना दान दिले, असे त्यात कोरलेले आहे. वंशावळ संस्कृतात असून दानाचा व्यवहार प्राकृतात आहे. राजाची प्रतिष्ठा एका भाषेत आणि गावाचे कामकाज दुसरीत, ही रीत किती जुनी आहे ते यावरून कळते. या पत्र्यांमुळे अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील झिजलेल्या लेखाचाही नीट उलगडा झाला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तो पुन्हा तपासला आणि त्यात सर्वसेन राजाचे नाव वाचले. हा सर्वसेन ‘हरिविजय’ नावाच्या प्राकृत काव्याचा कर्ता. काव्य आज लुप्त आहे; कर्त्याचे राज्य मात्र तांब्याने परत मिळवून दिले.

दुसरी वार्ता प्रथम परदेशातून आली. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झालेल्या इटलीतील पॉम्पेई शहरात, 1938 साली, एका घरात हस्तिदंताची भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. आरंभी विद्वानांची दृष्टी मथुरेकडे वळली. पुढे तेर येथे तिच्या जातकुळीची हस्तिदंती मूर्ती आढळली. आणि 1973 साली नागपूर व मराठवाडा या विद्यापीठांनी भोकरदन येथे उत्खनन केले, तेव्हा तशाच मूर्तीचा एक तुकडा तेथेही मिळाला. भोकरदन म्हणजे भोगवर्धन. तेथील दात्यांची नावे सांचीच्या स्तूपावर कोरलेली आहेत. पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापारग्रंथात पैठणचे अकीक दगड आणि तगर, म्हणजे तेरचे कापड भडोच बंदराकडे गाड्यांनी जात असल्याचे नमूद आहे. त्या मालाबरोबर एखादी मूर्तीही समुद्रापार गेली असेल, ही कल्पना आता निराधार वाटत नाही.

या दोन वार्तांत एक भेद आहे. भोकरदनचा तुकडा लहान आणि भग्न. तरी तो कोणत्या थरात, कोणत्या खापरांच्या सोबतीने निघाला याची नोंद झाली, म्हणून तो साक्षीदार ठरला. तेरच्या अनेक वस्तू शेतात, ओढ्याच्या काठी सापडत. रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या आस्थेने जमविल्या, म्हणून त्या वाचल्या. त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय आज तेरला उभे आहे. असा गृहस्थ प्रत्येक गावास लाभत नाही. ताम्रपट मोडीत गेला, तर त्याचे चार पैसे येतात आणि एक राजवंश जातो. मूर्ती व्यापाऱ्याच्या हाती पडली, तर ती सुंदर राहते, पण मुकी होते. कारण तिचे गाव तिच्यापासून तुटलेले असते.

3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या गौरवामागे गाथासप्तशतीसारखे ग्रंथ आहेत, तसेच दगडावरचे आणि तांब्यावरचे लेखही आहेत. असे आणखी किती लेख पांढरीच्या मातीत निजले असतील! देवगाव फाट्याच्या परिसरातच चारठाणे आहे. तेथील प्राचीन देवळे आणि कोरीव स्तंभ अद्याप उभे आहेत. परंतु रस्ता रुंदावताना वा शेत सपाट करताना जे नकळत फुटते, त्याची मोजदाद कोण ठेवणार?

यावर उपाय फार मोठा नाही. 1878 च्या निखात निधीच्या कायद्यानुसार, दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. पण कायद्याआधी डोळा हवा. नांगराच्या फाळाला खट्ट लागले, की थांबावे. जागा लक्षात ठेवावी. वस्तू घासूनपुसून चकचकीत करू नये आणि जाणत्यास बोलवावे. सामान्य माणसाच्या या क्षणभर थांबण्यावर पुढची वार्ता अवलंबून आहे.