शस्त्रक्रियेनंतरची वेदना : कावसजीच्या नाकापासून औषधाच्या फुग्यापर्यंत

१/ ऑक्टोबर १७९४. लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये कावसजी नावाच्या गाडीवानाची हकिगत छापून आली. इंग्रज फौजेच्या चाकरीत असताना तो टिपूच्या कैदेत सापडला; त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. सोबतच्या चित्रात मात्र त्याला नवे नाक होते.

२/ ते घडवले पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतील एका कारागिराने. मेणाचा साचा नाकाच्या जागी बेतायचा, कपाळावर पसरून आखणी करायची, तेवढी त्वचा सोडवायची आणि भुवयांमधला देठ राखून ती खाली वळवायची. मलमपट्टीला कात व तूप.

३/ ईथरची भूल आली १८४६ साली. त्यानेही प्रश्न अर्धाच सुटला : रुग्ण जागा झाला की वेदनाही जागी होई. उतारा अफू किंवा मॉर्फिनचा. त्यासोबत मळमळ, गुंगी, मंदावणारा श्वास आणि व्यसनाची भीती.

४/ १८८४ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलरने कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करून दाखवला. प्रवासखर्च परवडत नसल्याने हायडेलबर्गच्या परिषदेत त्याचा निबंध दुसऱ्याने वाचला. न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉलस्टेडने मज्जातंतूंपाशी कोकेन टोचले. स्वतःवर प्रयोग करता करता तो त्याच्याच आहारी गेला.

५/ पुढे प्रोकेन, १९४३ मध्ये लिडोकेन, १९५७ मध्ये ब्युपिवाकेन ही औषधे तयार झाली. परंतु एका इंजेक्शनचा परिणाम काही तासांत ओसरतो. जखम दिवसचे दिवस ठणकते. १९४६ मध्ये अ‍ॅन्सब्रो या डॉक्टरांनी सुई बुचात रोवून गळ्याच्या हाडाजवळ स्थिर केली आणि नळीवाटे औषध पुन्हापुन्हा देत हात बधिर ठेवला.

६/ आज प्लास्टिक सर्जरीत, विशेषतः स्तनांच्या पुनर्रचनेनंतर वा पोटावरील शस्त्रक्रियेनंतर, जखमेत बारीक नळी ठेवता येते. तिला जोडलेला लवचिक फुगा विजेविना आकसत राहतो आणि औषध संथपणे झिरपते. ते मज्जातंतूंतील सोडियमच्या वाटा अडवते. वेदनेचा संदेश पुढे जात नाही. मात्रा चुकली तर झटके येतात, हृदयाची लय बिघडते. म्हणून रुग्णाच्या वजनानुसार काटेकोर हिशेब लागतो.

७/ कपाळाच्या त्वचेतून नाक घडवण्याची रीत आजही जगभर वापरात आहे. कावसजीला ती लाभली. त्यानंतरच्या रात्री सुसह्य करण्याचा उपाय सापडायला मात्र वैद्यकाला आणखी दीडशे वर्षे लागली.