‘केली’, ‘करतात’, ‘आहेत’

‘त्याने चोरी केली’ या वाक्याला पुरावा लागतो. कुठे केली, कधी केली, कुणी पाहिलं, हे कुणीही विचारू शकतं आणि उत्तर मिळालं नाही तर आरोप गळून पडतो. ‘ते चोऱ्या करतात’ या वाक्यात तारीख नाही, जागा नाही, आणि ‘तो’चा ‘ते’ कधी झाला हेही चटकन लक्षात येत नाही. ‘ते चोर आहेत’ म्हटलं की ‘करणं’च निघून जातं. आता काहीही न करणारा माणूसही त्या वाक्यात बसतो. अगदी काल जन्मलेलं मूलसुद्धा.

हा व्याकरणाचा खेळ वाटेल, पण 1871 साली ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात नेमक्या या तिसऱ्या वाक्याचा कायदा केला. क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट. मराठीत आपण त्याला ‘गुन्हेगार जमाती कायदा’ म्हणतो. सुरुवातीला तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला, 1911 च्या नव्या कायद्याने मुंबई इलाख्यासह सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात त्याची वाट मोकळी झाली आणि 1924 मध्ये सगळे तुकडे जोडून एकच कायदा केला गेला. त्यामागचा युक्तिवाद असा : या देशात धंदा जातीने चालतो, सुताराचा मुलगा सुतार होतो, तर चोराचा मुलगा चोरच होणार.

कायद्याचा मूळ मसुदा वाचण्यासारखा आहे. कुठलीही जमात, टोळी किंवा वर्ग पद्धतशीरपणे अजामीनपात्र गुन्हे करण्याच्या आहारी गेला आहे, असं मानायला स्थानिक सरकारला कारण वाटलं, तर त्याला ‘गुन्हेगार जमात’ जाहीर करता येईल, असा त्याचा आशय आहे. यातल्या दोन जागांपाशी मी बराच वेळ अडकलो. पहिली, ‘जमात, टोळी किंवा वर्ग’. टोळी माणसं ठरवून जमवतात, जमातीत माणूस जन्माला येतो. एका स्वल्पविरामाने दोन्ही एका ओळीत उभ्या केल्या. दुसरी जागा म्हणजे ‘आहारी जाणे’. मूळ इंग्रजी शब्द ‘अ‍ॅडिक्टेड’ हा आहे. दारूचं किंवा अफूचं व्यसन असावं तसं गुन्ह्याचं व्यसन, तेही अख्ख्या जमातीला. व्यसनाला घटना लागत नाही, लक्षणं पुरतात. शिवाय अशी अधिसूचना निघाली की तिच्या वैधतेवर कुठल्याही न्यायालयाने प्रश्न विचारायचा नाही, हेही त्याच कायद्यात लिहिलेलं होतं. नावनोंदणी झालेल्या माणसाला मग हजेरी आली, आणि बाहेर जायचं तर पास आला.

माझ्या कामात नावाला असली ताकद नसते. प्रोग्राममध्ये व्हेरिएबलला ‘एक्स’ म्हणा नाहीतर ‘एकूणरक्कम’ म्हणा, यंत्राला फरक पडत नाही. नाव फक्त वाचणाऱ्या माणसासाठी. 2020 साली गिटहबने मुख्य ब्रँचचं डीफॉल्ट नाव ‘मास्टर’ऐवजी ‘मेन’ केलं, तेव्हा ‘नाव बदलून काय होतं’ अशी भरपूर थट्टा झाली. कोडपुरती ती थट्टा ठीक आहे. कायद्यात मात्र नाव ठेवणं हीच अंमलबजावणी असते.

कायद्याला माहिती लागते आणि ती पुरवायला गॅझेटियर होतीच. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे जाडजूड खंड निघाले. पुणे जिल्ह्याचा 1885 चा. जमीन, पाऊस, पिकं, व्यापार, इतिहास, सगळं एका जागी. आजही त्याला तोड नाही, आणि म्हणूनच त्यातलं लोकसंख्येचं प्रकरण जपून वाचावं लागतं. तिथे प्रत्येक जातीमागे विशेषणांची माळ आहे : कोण स्वच्छ, कोण कष्टाळू, कोण काटकसरी, कोण मळकट, कोण दारूचे शौकीन. पावसाचे आकडे ज्या सुरात दिलेत त्याच सुरात ही विशेषणं, आणि सगळी वाक्यं साध्या वर्तमानकाळात. पाऊस मोजायला पर्जन्यमापक होता. काटकसर कशाने मोजली?

हे खंड आता ऑनलाइन आहेत आणि लोक त्यातले परिच्छेद ‘अमुक समाजाची माहिती’ म्हणून उचलून चिकटवतात. उचलताना साल गळतं. 1885 मधलं ‘आहेत’ आज वाचताना आजचंच वाटतं. सुरुवातीला नुसतं ‘1885 साली गॅझेटियर लिहिणाऱ्यांच्या मते’ एवढं जोडलं तरी वाक्याचा रंग बदलतो, करून पाहा.

महाराष्ट्रात या शब्दांची कथा कायद्याच्या आधीपासून सुरू होते. रामोशी हे गावाचे आणि किल्ल्यांचे रखवालदार. पुरंदरची राखण त्यांच्याकडे होती. गावाने रामोशाला धान्य, पैसा द्यायचा आणि त्याने चोरीमारीची जबाबदारी घ्यायची, असा तो व्यवहार. या देण्याला शब्द होता ‘हक्क’. 1818 नंतर कंपनी सरकार आलं, रखवालीची जुनी व्यवस्था मोडली, अनेकांची कामं आणि वतनं गेली. त्यानंतरही रामोशी गावाकडे धान्य मागायला आला तर त्याच देण्याला कागदोपत्री शब्द झाला ‘खंडणी’. धान्य तेच, गाव तेच, माणूसही तोच. कोणता शब्द खरा, हे राज्य कुणाचं यावर ठरलं.

याच मंडळींतले भिवडीचे उमाजी नाईक. त्यांनी सारा इंग्रजांना देऊ नका असं जाहीर केलं, पकडले गेले आणि 1832 च्या फेब्रुवारीत पुण्यात फासावर गेले. पुढच्याच वर्षी कॅप्टन मॅकिंटॉशचं रामोशांवरचं पुस्तक आलं. मॅकिंटॉश उमाजींना पकडण्याच्या मोहिमेतला अधिकारी; त्याच्या पुस्तकाच्या नावातच रामोशांचा उगम, सद्यस्थिती आणि उमाजींचं चरित्र एका दमात आहे. म्हणजे एका माणसाचं बंड आणि एका जमातीची ‘स्थिती’ एकाच जिल्दीत. आज आपण उमाजींना ‘आद्य क्रांतिवीर’ म्हणतो, आणि ते म्हणायलाही हवं. पण मला वाटतं, ‘दरोडेखोर’ पुसून ‘क्रांतिवीर’ लिहिण्याच्या घाईत मधला रखवालदार हरवतो. हक्काची खंडणी कशी झाली हे कळल्याशिवाय ते बंडही नीट कळत नाही.

कायद्याखाली आलेल्यांना एका जागी ठेवायला वसाहती झाल्या. इंग्रजीत ‘सेटलमेंट’. किती शांत शब्द! स्थिरावणं, तडजोड, हिशेब मिटवणं. नोकरी सोडताना आम्हाला मिळते तीही ‘फुल अँड फायनल सेटलमेंट’. सोलापूरची सेटलमेंट तारेच्या कुंपणाआड होती. आतली माणसं हजेरी देऊन सोलापूरच्या गिरण्यांत कामाला जात आणि परत कुंपणात येत. त्या भागाला आजही सेटलमेंट म्हणतात. मराठीत या जागेला नाव द्यायचं तर ‘खुला तुरुंग’ म्हणावं लागलं असतं. इंग्रजी शब्द तसाच ठेवला आणि तार झाकली गेली.

स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, 31 ऑगस्ट 1952 ला, हा कायदा देशभरातून रद्द झाला. मग या लोकांना म्हणायचं काय? काही काळ सरकारी कागदांत ‘एक्स-क्रिमिनल ट्राइब्ज’ चाललं, म्हणजे माजी गुन्हेगार जमाती. आजी असल्याशिवाय कुणी माजी होत नाही, त्यामुळे कायदा गेला तरी आरोप शाबूत. इंग्रजीत रुळलेला ‘डीनोटिफाइड’ नुसतंच सांगतो की एक अधिसूचना मागे घेतली. मराठीने घेतलेला ‘विमुक्त’ मला तिन्हींत सर्वांत प्रामाणिक वाटतो. त्यात बंधन होतं हे कबूल आहे आणि ते बांधणारा दुसरा कुणी होता हेही.

महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत 14 नावं आहेत. रामोशी आहेत, कैकाडी, वडार, कंजारभाट, बंजारा, राजपारधी आहेत. भामटा आणि राजपूत भामटाही आहेत. हा शब्द शब्दकोशात काढला तर लबाड, ठग, उचल्या असे अर्थ सापडतात. जातीच्या दाखल्यावर जे नाव लिहावं लागतं तेच वर्गात शिवी म्हणून ऐकावं लागतं. लक्ष्मण गायकवाडांनी आपल्या आत्मकथनाला ‘उचल्या’ हेच नाव दिलं, ते 1987 साली. ‘विमुक्त’ हा शब्द असतानाही दिलं. लाज आपली नाही, नाव ठेवणाऱ्यांची आहे, असं मी तरी त्यातून वाचतो.

1959 मध्ये मुंबई राज्याने ‘हॅबिच्युअल ऑफेंडर्स’ कायदा केला. सवयीचे गुन्हेगार. इथे जमात नाही, व्यक्ती आहे, आणि तिच्यावर शाबित झालेले गुन्हे मोजायचे आहेत; हा फरक खरा आणि मोठा आहे. पण ‘व्यसन’ गेलं आणि ‘सवय’ आली. बातम्यांमध्ये तिचं रूप ‘सराईत’. सराईत चालक म्हटलं की कौतुक, सराईत गुन्हेगार म्हटलं की खटल्याआधीच निकाल. त्यापुढे ‘टोळी जेरबंद’. जेरबंद हा मुळात घोड्याच्या साजातला पट्टा. आणि आरोपी पारधी असेल तर ते मथळ्यात हमखास येतं. आडनाव जोशी असलं तर ‘जोशी टोळी’ होते, पण ‘ब्राह्मण टोळी’ झालेली मी अजून वाचलेली नाही.

3 ऑक्टोबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. तुरुंगात जातीनुसार कामं वाटण्याच्या नियमांबद्दलचा हा खटला, पण त्यात शब्दांचाही हिशेब झाला. काही राज्यांच्या तुरुंग-नियमावल्यांत भटक्या आणि विमुक्त जमातींची माणसं सवयीच्या गुन्हेगारांतच धरायची भाषा शिल्लक होती. न्यायालयाने सांगितलं की सवयीचा गुन्हेगार म्हणजे संबंधित कायद्यात व्याख्या केलेला तेवढाच. नियमावलीतले बाकीचे अर्थ घटनाबाह्य. कैद्यांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकानाही काढायला सांगितला. नियमावल्या दुरुस्त करायला तीन महिन्यांची मुदत दिली होती. 1871 च्या एका वाक्यातलं ‘आहेत’ खोडायला कायदा रद्द झाल्यानंतरही 72 वर्षं लागली, आणि तेही तुरुंगाच्या वहीपुरतंच.